केरसुणीची काडी

आमच्या तालुक्यात रेल्वे नाही. "येणार, येणार" ऐकत आमचे हे म्हातारे व्हायला आले आणि एक दिवस पुण्याहून खेळण्यातली आगगाडीच घेऊन आले. म्हणाले, "ती येईल तेव्हा येईल, आपली तर धावू दे." मंचरला हायवेला लागून आमचं बारदानाचं दुकान, मागे घर. घराच्या बाहेरच्या खोलीत ह्यांनी बाकांवर मोठी फळी टाकली, रूळ ठोकले, कडेला मालडब्यांसाठी एक वेगळी लाइन काढली. मी कपाळाला हात लावला.

पण डबे काही केल्या उभे राहीनात. कांद्याचा ट्रक गेला की घर हादरायचं आणि डबे निघाले आपले घरंगळत. ह्यांनी रुळांमध्ये खराट्याचा हीर उभा केला. तो पडला ताठ, डबाच रुळावरून उतरायचा. मग एका दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आणलेल्या कोऱ्या केरसुणीची काडी उपटली. हळदकुंकू लागायच्या आधी!

"अहो, लक्ष्मीचं अंग सोलता का?" मी ओरडले.

"अगं, चंचल म्हणतात ना तिला? बघू, डबे धरते का."

धरले की. काडी चाकांच्या दांडीला अडायची. इंजिनाने ओढलं की वाकायची, ट्रकला मात्र दाद द्यायची नाही.

पुढे ह्यांना लकवा झाला, उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या, येईल. हात आला तर पुन्हा दुकानात बसता येईल, ह्यांना दुसरं काही सुचेना. रोज संध्याकाळी खुर्ची फळीला लावायची आणि उजव्या हाताने एक डबा कडेच्या लाइनीवर ठेवायचा. डबा आडवा पडायचा. मी उचलून हातात द्यायचे. पुन्हा आडवा. मी रडत नव्हते, चिडतही नव्हते. मी, जी भाजीवालीशी भांडल्याशिवाय घरी येत नसे! लोक म्हणायचे, लई धीराची बाई. डोंबलाचा धीर. आत काही उरलंच नव्हतं.

जुन्या काड्या कधीच मोडल्या होत्या. दिवाळीला नवी केरसुणी आणली आणि पूजेआधी मीच काडी उपटून रुळांमध्ये लावली. भाऊबीजेला डबा उभा राहिला, ह्यांच्या उजव्या हाताने. ट्रक गेला तरी उभा. हे हाताकडे बघून हसले, "आला की गं!" मला आनंद व्हायला हवा होता. मी कुकर बंद करायला उठले.

थंडी सरायच्या आत दुसरा झटका आला आणि हे गेले. बाहेरच्या खोलीत ह्यांना ठेवायला जागा हवी, म्हणून दिरांनी आणि शेजाऱ्यांनी फळी उचलली. ती कलली. मोठ्या रुळावरचे डबे गडगडत फरशीवर पडले. कडेच्या लाइनीवरचा ह्यांचा डबा तेवढा काडीला अडून राहिला.

"अहो, सावकाश! तो डबा पडंल!" मी किंचाळले. सकाळपासून तोंडातून निघालेला पहिला शब्द तो.

कुणीतरी बाई म्हणाली, "नवरा गेलाय आन् हिला डब्याचं पडलंय."

म्हणू दे. फळी आतल्या खोलीत नीट टेकेपर्यंत मी त्या डब्यामागे बोट लावून चालत राहिले.