बायकोचे मामा आणि माझी सही

सही करण्यापूर्वी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा मराठी माणूस साऱ्या जर्मनीत एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा चाळीसेक वर्षं ड्युसेलडॉर्फला आहेत. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात. मामा कायदे वाचतात. वॉशिंग मशीनची वॉरंटी, ट्रामच्या तिकिटामागचा बारीक मजकूर, इमारतीची हाउसऑर्डनुंग म्हणजे नियमावली, सगळं हातात पेन्सिल घेऊन. एकदा वरच्या मजल्यावरच्या बाईंनी ऐन दुपारच्या शांततेच्या वेळात भिंतीला ड्रिल लावलं. मामा नियमांची प्रत घेऊन तावातावाने वर गेले आणि उतरताना त्या बाईंचाच भाडेकरार तपासायला घेऊन आले. त्यात घरमालकाने घातलेली एक बेकायदेशीर अट निघाली. तेव्हापासून त्या बाई दर ख्रिसमसला मामांना केक पाठवतात.

आमच्या सईला चर्चच्या शाळेत घातलं, तेव्हाही मामांनी करार मागून घेतला. मी पडलो पुण्याचा. कॉन्व्हेंट म्हटलं की शिस्त, यापुढे माझी बुद्धी चालत नाही.

"जावईबापू, मुलांचं वागणं चर्चच्या शिकवणीला धरून असावं, असं लिहिलंय इथे. म्हणजे नक्की काय, ते विचारा."

"अहो मामा, आपली पोरगी काय दारू पिणार आहे?" असं म्हणून मी हसत हसत सही ठोकली.

दहावीत सईने आम्हाला सांगितलं, की वर्गातल्या लेनावर तिचं प्रेम आहे, आणि लेनाचं तिच्यावर. शाळेतही ते लपलं नव्हतं. वर्गाची सहल जवळ आली, तशी मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावलं. फार गोड बोलल्या. सई या वेळी घरी राहिली तर इतर पालकांना बरं वाटेल, म्हणाल्या. मी मान डोलावली. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण त्यांची अडचण सोडवायला मीच पुढे सरसावलो: "तिला ताप आलाय असं लिहून देतो." दिलंही लिहून. सांगायला लाज वाटते, पण बाहेर पडताना मला हलकं वाटत होतं. आपल्या मराठी मंडळात कुणाला कळणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

सईने मामांना फोन केला. मामांनी चार दिवस पुस्तकांत डोकं घातलं.

"हा कायदा दुकानदाराला, घरमालकाला दरडावून सांगतो, भेदभाव करू नका म्हणून," ते मला म्हणाले. "चर्चच्या शाळेपाशी आला की मात्र घसा खाकरतो. पण शाळा चर्चची असली तरी पोर राज्यघटनेचीच ना? गेनाऊ, अगदी बरोबर!"

त्यांनी दोन पानी तक्रार लिहून शाळेला दिली. शाळेने ती नम्रपणे परत केली, कारण शाळेच्या करारावर ज्या पालकाची सही, त्याचीच हवी, आजेमामांची चालत नाही. इतके कायदे पाठ असलेला माणूस, पण सहीचा अधिकार काय तो माझ्याकडे. मामा तडक माझ्याकडे आले आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवून उभे राहिले. मी कधी नव्हे तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, पुन्हा वाचला, आणि "विचार करतो, मामा" म्हणालो. सोमवारी सईला न घेता बस गेली.

तो आठवडा ती मामांकडे होती. शुक्रवारी आणायला गेलो, तर आमची आजारी मुलगी ठणठणीत बसून थालीपीठ खात होती. मान वर न करता तिने जर्मनमध्येच विचारलं, "बाबा, मला नक्की झालं काय होतं?"

मी घाईघाईने मामांकडे तो कागद आणि पेन मागितलं.

"सही नंतर, जावईबापू," मामा म्हणाले. "आधी तिला उत्तर द्या."

"काही नाही गं," मी कसंबसं म्हणालो. "तुला काहीच झालं नव्हतं." मामा पाठ फिरवून चहाचं आधण ठेवायला लागले. एवढं एक वाक्य मला बस सुटण्याआधी सुचलं असतं, तर किती बरं झालं असतं!