परीक्षेपुरता बिघाड

लातूरला माझ्याकडे लोक व्हिडिओ गेम दुरुस्त करायला यायचे, तसेच बिघडवून घ्यायलाही यायचे. बाहेरगावची माणसं हे ऐकून हसतात. हसू देत. त्यांच्याच कृपेने मी या धंद्यात पडलो.

भूकंपाच्या आधी औशात माझी रेडिओ दुरुस्तीची टपरी होती. भूकंपानंतर मोठ्या शहरांतून मदतीचे ट्रक आले. त्यांत धान्य होतं, ब्लँकेटं होती, हे मी नाकारत नाही. पण त्याच ट्रकांत टाय होते, उंच टाचांच्या चपला होत्या, आणि जिथे अजून वीज आली नव्हती अशा पत्र्याच्या शेडमधल्या लोकांना कुणीतरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम पाठवला होता. तोही बंद पडलेला. घरातली अडगळ बाहेर काढायची आणि वर पुण्यही पदरात पाडून घ्यायचं, इतका हिशेबीपणा मला धंद्यातसुद्धा जमला नाही. तो डबा कुणालाच नको होता. मी मागून घेतला, उघडला, आणि चालू होईपर्यंत त्याच्याशी भांडलो. शिकवणारा कुणी नव्हता, म्हणून कुणाचं ऋणही नाही.

पुढे लातुरात क्लासचं पीक आलं आणि मी टपरी उचलून तिकडे गेलो. उदगीर, मुखेड, कुठून कुठून लोक बारावीच्या पोरासाठी बिऱ्हाड घेऊन यायचे. दहावीला मार्क पडले म्हणून बक्षीस दिलेला व्हिडिओ गेमही त्या बिऱ्हाडात असायचा. मला कामाचा तुटवडा नव्हता. कॅसेट लागली नाही की ती तोंडाजवळ धरून फुंकायची, ही विद्या सगळ्यांना क्लास न लावता येते. त्या फुंकरीतली थुंकी कॅसेटच्या पट्ट्यांवर बसते, पट्ट्या काळ्या पडतात, मग माणूस आणखी जोरात फुंकतो. मी खोडरबराने पट्ट्या घासून द्यायचो आणि पुन्हा फुंकू नका म्हणून सांगायचो. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि खात्री करायला माझ्यासमोरच एक फुंकर मारायचं.

दिवाळी संपली की दुसरी वर्दळ सुरू व्हायची. बाप एकटा यायचा, पिशवीत गेम, आवाज खाली. परीक्षा होईपर्यंत हा बंद पाडून द्या. सरळ पोराला सांगायची हिंमत नाही. लपवला तर आई काढून देते, वायर कापली तर पोरगं जोडून घेतं. बिघाड असा हवा, की दिवा लागला पाहिजे, पण पडद्यावर काही दिसता कामा नये, आणि परीक्षेनंतर सगळं पूर्ववत झालं पाहिजे. दहा लोकांवर हुकूम चालवणारी माणसं सोळा-सतरा वर्षांच्या पोराला नाही म्हणायला माझ्या सोल्डर करायच्या कावियाचा आधार घ्यायची.

काम मात्र मी नीट करायचो. आत एक छोटा क्रिस्टल असतो. तो ताल देतो, त्यावर बाकीचं सर्किट चालतं. त्याचा एक पाय सोडवायचा, त्याला नखांना लावायचं बिनरंगी पॉलिश लावायचं आणि पुन्हा सोल्डरमध्ये बसवायचा. वरून जोड पक्का दिसतो, आतून वीज जात नाही. दुसऱ्या मेकॅनिकने दिवसभर बोर्डावर डोकं घातलं तरी हाती काही लागत नाही. यात नुकसान एकच होतं. बाप घरी जाऊन सांगायचा की मिस्त्रीला जमलं नाही, आणि गल्लीतली पोरं मला अडाणी समजायची. पोरांच्या मताला मी किंमत दिली नाही. तिथेच मी फसलो.

असेच पाटबंधारे खात्यातले एक साहेब आले. नोकरी नांदेडला, बायको आणि बारावीचा मुलगा लातूरला भाड्याच्या खोलीत. त्यांनी घासाघीस सुरू केली.

"दुरुस्तीचे पैसे समजू शकतो. बिघडवायचे कसले पैसे?"

"साहेब, दुरुस्ती कुणीही करतं. गुपचूप बिघडवणारा दुसरा शोधा."

त्यांनी पैसे मोजून दिले. अशा माणसांना भाव कळतो, फक्त आधी त्यांना कमीपणा गिळावा लागतो.

त्याच सुमारास नांदेडच्या एका ठोक व्यापाऱ्याचा निरोप आला. नांदेड आणि लातूर, दोन्ही जिल्ह्यांतल्या दुकानांत त्यांचा माल जायचा. गॅरंटीतल्या सगळ्या गेमच्या दुरुस्तीसाठी त्यांना एकच माणूस नेमायचा होता, आणि त्यांनी माझं नाव ऐकलं होतं. बारा महिने बांधलेलं काम. मी शेजारच्या गाळ्याची बोलणीही करून ठेवली. परीक्षा आटोपल्यावर या, समोरासमोर ठरवू, असं ते म्हणाले होते.

परीक्षा आटोपली. साहेब गेम घेऊन माझ्याकडे यायला हवे होते. पण मुलगा म्हणाला, त्या मिस्त्रीला काही येत नाही, जिथून घेतला तिथेच नेऊ. बापाला नाही म्हणता येईना. म्हणाला असता तर स्वतःचं बिंग फुटलं असतं. म्हणून तोही माझ्या नावाने बोटं मोडत मुलाला घेऊन नांदेडला गेला. आणि ते दुकान त्याच व्यापाऱ्याचं.

मी ठरल्याप्रमाणे पोचलो तेव्हा हे दोघं बाप-लेक काउंटरपाशी बसले होते. साहेबांनी मला पाहिलं आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे नेली. व्यापाऱ्याने उघडा गेम माझ्यापुढे सरकवला. वयाने मोठा, पांढऱ्या दाढीचा, कमी बोलणारा माणूस.

"मिस्त्री, हे तुमच्या गावचंच हाय. आमच्या मेकॅनिकला सकाळपासून सापडून न्हाई राहिलं. बघा जरा."

बोर्ड पाहताच मला माझा जोड ओळखू आला. काविया मागितला, क्रिस्टलचा पाय सोडवला, खरवडला, पुन्हा बसवला. पडद्यावर चित्र आलं. दुकानातला मेकॅनिक खाली मान घालून उभा राहिला आणि व्यापाऱ्याने वाहवा केली. काम माझ्या खिशात आलंच होतं.

तेवढ्यात तो पोरगा म्हणाला, "मग लातूरला चार महिने का नाही जमलं तुम्हाला?"

आणि साहेब हसून बोलले, "अरे, इथे शेठजी समोर आहेत. तिथे कोण बघायला होतं? हे लोक असेच."

पार्ट मिळत नव्हता असं सांगून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण 'हे लोक' हा शब्द डोक्यात गेला. मी सगळ्यांसमोर पोराला सांगितलं की हा गेम मी बिघडवला, तुझ्या बापाने पैसे देऊन बिघडवून घेतला, आणि पायावरून खरवडलेलं पॉलिश बोटावर घेऊन दाखवलं.

"काहीतरी बरळू नका," साहेब म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

मला वाटलं, पोरगा आता बापाकडे वळेल. तो माझ्याकडे वळला.

"म्हणजे तुम्हीच बिघडवला," तो म्हणाला. बाप रोज घरात पोसतो, त्याच्यावर चिडणं महागात पडतं. माझ्यावर चिडणं फुकट होतं.

व्यापाऱ्याने मला बाजूला घेतलं आणि असं किती जणांचं केलं ते विचारलं. मी तेव्हाही तापलेलोच होतो. अर्ध्या गल्लीचं, असं सांगितलं.

"हात चांगला हाय तुमचा, त्यात शंका न्हाई," ते म्हणाले. "पण माल माझा, गॅरंटी माझी, अन् पैसे घेऊन तो बंद पाडणारे तुम्ही. अशा माणसाच्या हाती मी दोन जिल्हे कसे देऊ?"

मी भांडलो. पैसे देणारा इज्जतदार आणि घेणारा चोर, हा कुठला न्याय, असं विचारलं. त्यांनी शांतपणे चहा मागवला, बाप-लेकांनाही दिला. मी कप तसाच ठेवून उठलो.

काम त्यांनी आपल्याच दुकानातल्या मेकॅनिकला दिलं, ज्याला सकाळपासून काही सापडलं नव्हतं. गाळ्याची बोलणी मला मोडावी लागली. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर बाप मंडळी पुन्हा पिशव्या घेऊन आली. मी अट घातली की पोराला सोबत आणा, त्याच्या डोळ्यांदेखत बिघडवतो, तेही फुकट. एकही जण परत आला नाही. गल्लीच्या टोकाला नवीन दुकान निघालं होतं, सगळे तिकडे जाऊ लागले.