ओहळापलीकडचं झाड

सातव्या महिन्यात माझी मुलगी पोटातच गेली, आणि त्यानंतर मला देवासमोर उभं राहता येईना. रागावायचं म्हटलं तरी समोर कोणीतरी आहे असं वाटावं लागतं. मला तेही वाटत नव्हतं. ही गोष्ट दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराची. मी सिंगापूरला चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम बघायचे, नवरा मंदार दुसऱ्या कंपनीत होता, आणि राहायला आम्ही सेंगकांगला, अकराव्या मजल्यावर. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात सगळं आटोपलं तेव्हा मंदारने माझ्या खाटेजवळ बसून विचारलं होतं, "पुढचं कसं करायचं?" मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "तूच बघ. मला काही सांगू नकोस." त्याने तसंच केलं. तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

मला सोबत म्हणून सासूबाई आजऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या, आणि पुढेही राहिल्या. स्वयंपाकघरातल्या कपाटावर त्यांनी देवघर मांडलं. रोज सकाळी पूजा, संध्याकाळी दिवा. त्या मला कधी काही बोलल्या नाहीत, पण पुण्याहून फोन येत, इथल्या मराठी मैत्रिणी घरी येत, आणि कुणी ग्रहांची शांत सांगे, कुणी व्रत सांगे, कुणी अमुक ठिकाणी जाऊन विधी करून ये म्हणे. सगळं मायेपोटीच होतं. मी मान डोलवायचे. आरतीला ओठ हलवायचे. आणि आतून मला आपण फसवणूक करतोय असं वाटत राहायचं, त्या देवांची नव्हे, शेजारी डोळे मिटून उभ्या असलेल्या त्या म्हातारीची.

ऑफिसात मॉरा नावाची एक आयरिश बाई होती, पन्नाशीची, कमी बोलणारी. मी कामावर परतले तेव्हा सगळ्यांनी एकतर सांत्वन केलं नाहीतर मला टाळलं. मॉराने मला जेवणाच्या सुट्टीत बाहेर नेलं, एका पर्जन्यवृक्षाखाली बसवलं आणि अर्धा तास एक शब्द बोलली नाही. असं चार-पाच वेळा झाल्यावर मीच विचारलं, तुझा धर्म कोणता? ती म्हणाली, "मी पेगन आहे." तिच्या देशात चर्च येण्याआधी लोक झऱ्यांना, टेकड्यांना, झाडांना, उगवत्या सूर्याला मानायचे, तीच वाट तिने तरुणपणी, आईशी भांडून, धरली होती. तिने एक गोष्ट सांगितली ती माझ्या मनात राहिली. तिचे सगळे सण ऋतूंचे: सर्वांत मोठा दिवस, सर्वांत लहान दिवस, पहिलं पीक. इथे विषुववृत्तावर बाराही महिने दिवस सारखाच. पहिली दोन वर्षं ती कोरडीठाक झाली होती. "मग मी माझे सण बाजूला ठेवले," ती म्हणाली, "आणि या जागेलाच विचारलं, तुझ्याकडे काय असतं?"

एका शनिवारी तिने मला पुंगोलच्या बाजूच्या एका रानात नेलं. तिथे पूर्वी वस्ती होती, ती उठवून लोकांना फ्लॅट दिले होते, आणि त्या जागेवर झाडी माजली होती. आत एक ओहळ होता. ओहळापलीकडे अल्बिझियाचं एक प्रचंड झाड, आपल्या शिरीषाच्या कुळातलं, पांढुरक्या सालीचं, वर छत्रीसारखं पसरलेलं. मी त्याच्या बुंध्याला पाठ लावून बसले आणि रडले. हॉस्पिटलातून आल्यापासून पहिल्यांदा.

नंतर मी एकटीच जाऊ लागले. दर शनिवारी सकाळी. घरी सांगायचे, योगाच्या क्लासला जाते. खोटं बोलायचं कारण साधं होतं: मला भीती वाटत होती. एका मैत्रिणीजवळ मॉराचा नुसता उल्लेख केला तर ती म्हणाली, "अगं, ते जादूटोण्यातले लोक असतात. तुझी मनःस्थिती आत्ता नाजूक आहे, सांभाळ." घरात सासूबाई रोज माझ्यासाठी जप करत होत्या. त्यांना कसं सांगणार, की तुमच्या देवांपुढे माझं मन दगड होतं आणि परक्या देशातल्या एका रानटी झाडापुढे वितळतं?

त्या झाडापुढे मी काही विधी करत नव्हते. ओंजळभर पाणी घालायचे, बुंध्याला कपाळ टेकवायचे आणि बसायचे. पण खरं सांगते, हळूहळू मी मागायलाही लागले होते. पुन्हा मूल दे. झोप दे. मंदारला पूर्वीसारखा हसू दे. देवघर बदललं होतं, माझी यादी तीच होती.

त्या शनिवारी सकाळी आभाळ भरलेलं होतं. बस स्टॉपवरून रानाकडे चालताना पश्चिमेकडून काळी फळी सरकत येताना दिसत होती. इथे तशी वादळं येतात, अर्धा-पाऊण तास थैमान घालून निघून जातात. परत फिरावं असं मनात आलं. पण आठवडाभर मी त्या अर्ध्या तासासाठी जगत होते. म्हटलं, भराभर जाऊन येऊ. ओहळ ओलांडताना शेवाळलेल्या दगडावरून उजवा पाय सरकला आणि दोन दगडांच्या फटीत अडकला. मी कोसळले, आणि घोट्यातून कट्‌ असा आवाज आला. तो मी ऐकला, आणि त्यानंतर कळ आली.

पाय कसाबसा सोडवला, पण उभं राहता येईना. फोन पाण्यात पडून बंद झाला होता. मी बसल्या बसल्या सरकत काठापर्यंत आले, अलीकडच्याच, कारण पलीकडचा चढ जमेना. झाड समोर दिसत होतं, चाळीसेक पावलांवर. आणि पाऊस सुरू झाला. पाऊस कसला, पाण्याची भिंतच. विजा इतक्या जवळ पडत होत्या की प्रकाश आणि आवाज यांत अंतरच उरलं नाही. ओहळाचं पाणी गढूळ होऊन चढायला लागलं, माझ्या मांडीपर्यंत आलं. मी ओरडले. मराठीत, इंग्रजीत, नुसतंच. सगळं पावसात बुडून जात होतं. मी इथे आहे हे जगात कुणालाही ठाऊक नव्हतं. घरच्यांच्या मते मी एका वातानुकूलित खोलीत प्राणायाम करत होते. मॉरा सुट्टीवर तिच्या देशात गेली होती.

मी झाडाकडे बघून विनवू लागले. आधी विनवलं, मग भांडले. म्हटलं, मुलगी नेलीस, आता मलाही ने. कुणाला म्हणत होते कोण जाणे. ओहळातून सरकत, पलीकडची मुळं धरून झाडाकडे जायचा प्रयत्न तीनदा केला. वाटत होतं, त्याच्या बुंध्याशी पोचले की वाचले. तिन्ही वेळा चिखलाने आणि पाण्याने मला मागे, अलीकडे आणलं. तिसऱ्यांदा घसरल्यावर माझ्यातलं सगळं संपलं. ताकद, राग, मागणी, सगळं. मी काठावर तोंड टेकवून पडून राहिले. ओल्या मातीचा वास नाकात भरला होता. मी म्हटलं, "आता मी काही मागत नाही. तू आहेस की नाहीस तेही विचारत नाही. जे होईल ते होऊ दे." आणि मला सांगता येणार नाही अशी शांतता आत उतरली. पाऊस तसाच होता, कळ तशीच होती. मी मात्र झगडत नव्हते.

त्यानंतर किती वेळ गेला माहीत नाही. आधी तोफेसारखा एक आवाज झाला. मान वर केली तर ते झाड हलताना दिसलं. मधोमध फाटलं, आणि त्याचा अर्धा भार, घराएवढा, सरळ खाली आला. जिथे मी दर शनिवारी पाठ टेकून बसायचे तिथेच. जमीन हादरली. पानांचा आणि मातीचा लोट माझ्या अंगावर आला. मग नुसता पावसाचा आवाज उरला.

थोड्या वेळाने झाडीतून बॅटरीचा उजेड दिसला आणि एक म्हातारे चिनी गृहस्थ आले, प्लास्टिकचा रेनकोट, हाफ पॅन्ट, गमबूट. मला बघून ते दचकलेच. "अय्यो! गर्ल! यू ओके ऑर नॉट?"

मी पायाकडे बोट दाखवलं. त्यांनी घोटा नुसता पाहिला, मान हलवली, आणि काखेतली मोडकी छत्री पायाला लावून स्वतःच्या पंच्याने घट्ट बांधली. हात सराईत होते. तुटक इंग्रजीत बोलत होते. पूर्वी त्यांचं घर याच वस्तीत होतं. रानात एका चिंचेखाली खोक्याएवढं लाल देऊळ आहे, त्या जागेच्या राखणदाराचं. त्याला ते दातुक म्हणत. वस्ती उठली तरी महिन्यातून दोनदा ते उदबत्ती लावायला येत. आज वादळ बघून ते देवळाजवळच्या छपराखाली थांबले होते. झाड पडल्याचा आवाज ऐकला आणि देऊळ चिरडलं की काय म्हणून बघायला निघाले, तर मी दिसले.

"मी खूप ओरडले," मी म्हटलं.

"काही ऐकू नाही आलं," ते म्हणाले. "ट्री, आय हिअर."

त्यांच्या खांद्यावर भार टाकून एका पायावर मी निघाले. थोडं चालल्यावर ते थांबले, माझ्याकडे रोखून बघत विचारलं, "यू कम इनसाइड, यू से हॅलो ऑर नॉट?" रानात शिरताना इथल्यांना हाक देतेस की नाही, असं ते विचारत होते. मी म्हटलं, देते. ते म्हणाले, "दॅट्स व्हाय लाह," म्हणजे म्हणूनच तर, आणि पुन्हा चालू लागले. त्यापुढे त्यांनी त्याचा काही अर्थ सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही. रस्त्यावर त्यांनी स्वतःच्या फोनवरून मंदारला फोन लावून दिला, ॲम्ब्युलन्स बोलावली, ती येईपर्यंत माझ्या डोक्यावर रेनकोट धरून उभे राहिले. नाव विचारलं तर हात हलवला. पुढे प्लास्टर निघाल्यावर मी त्यांना शोधायला गेले, तेव्हा रानाभोवती बांधकामाचे पत्रे लागले होते. ते मला पुन्हा भेटले नाहीत.

घरी आल्यावर मंदारचा तोल गेला. भीतीने गेला, हे मला कळत होतं. "योगा क्लास? सहा महिने? जंगलात? एकटी? तुला काही झालं असतं तर..." मी सोफ्यावर पाय उशीवर ठेवून पडले होते. सासूबाई दारात उभ्या होत्या. मी ठरवलं, आता सगळंच सांगायचं. मॉरा, ओहळ, झाड, ओंजळभर पाणी, आरतीला हललेले खोटे ओठ. शेवटी म्हटलं, "आई, मी तुम्हाला फसवलं. मला माफ करा."

सासूबाई माझ्या पायथ्याशी येऊन बसल्या. बराच वेळ प्लास्टरवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंदारच्या आधी मला एक झालेला. अकरा दिवसांचा होऊन गेला."

मंदारने चमकून पाहिलं. त्याला हे माहीत नव्हतं.

"एवढ्याशा जिवाला अग्नी देत नाहीत. शेताच्या कडेला शिवणीचं झाड होतं, त्याच्या बुडात ठेवला. मी रोज जायची. कपभर दूध घालायची, टेकून बसायची. तुझे सासरे म्हणायचे, देवळात जा. देवळात मला काय सुचायचं नाही. चार वर्षं गेले मी, मंदार पोटात येईस्तोवर." त्यांनी माझ्या पायाखालची उशी सारखी केली. "तुझी ती बाई काय म्हणते ते नाव मला घेता येत नाही. पण मी तेच करत होते की गं."

मी त्यांचा हात धरला. त्या पुढे जे बोलल्या ते मला आजही तसंच्या तसं ऐकू येतं: "मला माझा कुठं ठेवलाय ते ठाऊक होतं. तुला तुझी ठाऊक नाही. म्हणून तू जागा शोधत फिरतेस."

मी मंदारकडे वळून विचारलं, "कुठे आहे ती?"

तो खाली फरशीवर बसला. म्हणाला, "समुद्रात. राख सोडली. चांगीहून बोट केली होती. मी आणि बोटवाला, दोघंच. तू सांगू नकोस म्हणालीस, म्हणून..." मग तो लहान मुलासारखा रडला. इतके महिने तो हे एकटा वाहत होता, आणि मी झाडाकडे त्याचं हसू मागत होते. त्याला एकदा विचारायचं मात्र मला सुचलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही तिघं चांगीच्या किनाऱ्यावर गेलो. माझ्या ऑफिसपासून पंधरा मिनिटांवर. मी कुबड्या टेकत वाळूपर्यंत गेले, मंदारने प्लास्टरला पिशवी बांधली, सासूबाईंनी घरून तांब्यात दूध आणलं होतं. जहाजं उभी होती, वरून विमानं जात होती. आम्ही तिघांनी तांब्याला हात लावून दूध पाण्यात सोडलं.

त्या वादळाचा अर्थ मला अजून लागलेला नाही. पाय मोडला नसता तर मी झाडाखाली असते. झाड पडलं नसतं तर मी कुणाला दिसले नसते. सासूबाई म्हणायच्या, तुझ्यावरचं त्याने स्वतःवर घेतलं. मॉरा म्हणाली, ती झाडं ठिसूळच असतात, पण तुझं ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. मी दोघींना मान देते आणि गप्प राहते. एवढंच जाणते, की सगळं मागणं संपलं तेव्हा मला कुणीतरी सावरून धरलं. ती वाट मी सोडली नाही. आजही शनिवारी पाण्यापाशी जाते, झाडांपाशी जाते. घरात दिवाही लावते, आणि आता ओठ हलतात तेव्हा त्यांत आवाज असतो. त्या म्हाताऱ्या गृहस्थांचे, सासूबाईंचे, मॉराचे आणि ज्याचं नाव मला ठाऊक नाही त्याचे माझ्यावर उपकार आहेत.

त्या सकाळी किनाऱ्यावरून निघताना मंदार म्हणाला, "तिला नाव ठेवू या का?" आम्ही परत वळलो, वाळूवर बसलो आणि ठेवलं.