मायक्रोवेव्हवरची पाटी

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी सांगायची गरज नव्हती, आमच्या ऑफिसच्या भिंतीच सांगायच्या.

येरवड्यात आमचं ऑफिस. कंपनी पाण्याचे पंप बनवते, आणि त्या पंपाबरोबर खोक्यात जी माहितीपुस्तिका जाते ती मी लिहिते. पंप कोरडा चालवू नये, ओल्या हाताने बटण दाबू नये, मुलांना जवळ येऊ देऊ नये. वीस वर्षं लोकांना ‘नये’ सांगण्याचा पगार घेतल्यावर माणसाला त्याची सवय लागते. त्यातून मी पुण्यातली, म्हणजे आधीच जिभेला धार. ऑफिसात त्रासदायक माणसं काय कमी असतात? कोणी स्पीकरवर फोन लावून अख्ख्या मजल्याला घरगुती बातम्या देतो. प्रिंटरमधला कागद संपला की लोक अशी पाठ फिरवतात, जणू प्रिंटर शेजारच्या कंपनीचा आहे. एसीच्या आकड्यावरून तर रोजचं महाभारत. मी कधी कोणाशी भांडले नाही. मी पाटी लिहायचे.

प्रिंटरवर माझी पाटी होती : ‘कागद आपोआप उगवत नाही. संपल्यास घालावा.’ फोनवाल्यांसाठी खिडकीशी लावली होती : ‘आपल्या सासूबाईंची तब्येत आम्हा सर्वांना कळली. आता फोन कानाला लावावा.’ लोक या पाट्यांचे फोटो काढून घरी पाठवायचे. साहेब येणाऱ्या पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे. मीही वर वर ‘कसलं काय हो’ म्हणायचे आणि आतून फुगायचे. पाटीचा मोठा फायदा असा, की तिच्यावर कोणाचं नाव नसतं. ज्याला लागायचं त्याला बरोबर लागतं, आणि आपण कोणाला काही बोललोच नाही असं म्हणायला मोकळे.

आमच्या पँट्रीत एक लांब टेबल आहे. दुपारी एक वाजता आम्ही सहाजण तिथे डबे उघडायचो, झाकणांवर एकमेकांच्या भाज्या जायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यात सातवी आली. पुस्तिकेतली चित्रं काढायला नवी मुलगी घेतली होती, माझ्याच शेजारच्या टेबलावर. तिशीतली, अंगाने बारीक, कामाला चोख. नागपूरकडची. विश्रांतवाडीत दोन खोल्या भाड्याने घेऊन आईबरोबर राहायची. पहिल्याच आठवड्यात टेबलावर तिचं आडनाव विचारून झालं, मग मूळ गाव, मग ‘म्हणजे तुम्ही नक्की कोण?’ हा प्रश्न फिरवून फिरवून. तिने तो फिरवलाच नाही. सरळ म्हणाली की आम्ही बौद्ध, माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली होती. सगळे ‘वा, वा’ म्हणाले. जरा जास्तच वेळा म्हणाले, आणि त्यांत मीही होते.

तरी ती रमली. तिच्या आईच्या हातची पाटवड्यांची रस्सेदार भाजी आमच्या झाकणांवर यायची आणि डोळ्यांतून पाणी काढायची. ती बोलताना ‘काय करून राहिल्या मॅडम?’ असं म्हणायची. त्यावर आम्ही हसायचो. मी तर तिची नक्कल करायचे : ‘जेवून राहिले हो, जेवून राहिले.’ तीही हसायची. मग काही आठवड्यांनी ती तसं बोलेनाशी झाली. आमच्यासारखं बोलायला लागली. मला वाटलं, चला, सुधारली. हे वाक्य मी तेव्हा खरोखर मनात म्हटलं होतं. आज लिहिताना हात अडखळतो, पण म्हटलं होतं.

बुधवारी तिच्या डब्यात सुकट असायची. ती आधी विचारायची, चालेल ना, आणि टेबलाच्या टोकाला बसायची. आम्ही ‘हो हो, त्यात काय’ म्हणायचो आणि नाकाने श्वास घ्यायचं टाळायचो.

एका सोमवारी पँट्रीत वास यायला लागला. कुजका, आंबूस, घशात बसणारा. मंगळवारी वाढला. बुधवारी तर दार उघडलं की नाकाला रुमाल लावावा लागायचा. दोघातिघांनी मायक्रोवेव्हकडे पाहिलं, मग बुधवार आहे हे आठवल्यासारखं एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तुम्ही काहीतरी करा, असा त्या बघण्याचा अर्थ होता. ते बघणं मला चढलं. जेवणं झाल्यावर मी जाड कागद घेतला, निळं स्केचपेन घेतलं आणि झोकात लिहिलं :

‘मायक्रोवेव्ह सर्वांचा आहे. घरचे वास घरीच ठेवावेत.’

चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून ती पाटी मायक्रोवेव्हच्या वर, बरोबर डोळ्यांच्या उंचीला चिकटवली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी हसून घेतलं. मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. पण ती कोणाला लागणार हे मला पक्कं माहीत होतं, आणि याबाबतीत मला आज कुठलीही सवलत नको आहे.

दुसऱ्या दिवशी ती पँट्रीत आली. डबा हातात. मायक्रोवेव्हपाशी गेली, पाटी वाचली. पाठमोरी होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही. डबा गरम न करताच ती वळली आणि म्हणाली की आज कामं फार आहेत, जागेवरच जेवते. मग रोजच कामं फार असायला लागली. ती माझ्या शेजारी, कॉम्प्युटरसमोर, डब्याचं झाकण अर्धंच उघडून गार पोळीभाजी खायची. सुकट तर बंदच झाली. दीडच्या सुमाराला मी जेवून जागेवर यायचे, तर ती डबा पिशवीत घालून टेबल ओल्या कागदाने पुसत असायची. वास राहू नये म्हणून.

गंमत म्हणजे पँट्रीतला वास काही जाईना. ‘फ्रीजमध्ये ठेवत असेल,’ कोणीतरी म्हणालं. मी मान डोलावली.

तीन आठवड्यांनी सफाईच्या मावशी माझ्या टेबलाशी आल्या. पन्नाशीच्या, फार न बोलणाऱ्या बाई. शेजारची खुर्ची तेव्हा रिकामी होती. त्यांनी पदराआडून एक कागदात गुंडाळलेली वस्तू काढली आणि हळूच म्हणाल्या की मायक्रोवेव्ह पुसायला ओढला तेव्हा मागच्या फटीत ही सापडली. धुतली आहे. तुमचीच ना?

कागद उघडला. स्टीलची छोटी डबी. माझ्या लग्नात आत्याने दिलेल्या सहांपैकी एक. आमच्याकडे लग्नात भांडं दिलं की त्यावर नाव घालून देतात, तसं तिच्या बुडाला माझं माहेरचं नाव कोरलेलं होतं. घरी सहातली एक सापडेना म्हणून मी आमच्या कामवालीवर संशय घेऊन बसले होते, तेही आठवलं. आणि मग डबीत काय होतं तेही आठवलं. वास यायच्या आधीच्या आठवड्यात नवरा मार्केट यार्डातून हौसेने मुळ्याच्या चार जुड्या घेऊन आला होता. शुक्रवारी मी मुळ्याची दह्यातली कोशिंबीर आणली होती आणि डबी मायक्रोवेव्हवर ठेवून विसरले होते. ती मागे पडली, उघडली, आणि रोजच्या डब्यांच्या उबेने सडत बसली.

मी डबी पर्समध्ये घातली. मावशींना थँक्यू म्हटलं आणि वर हेही म्हटलं की कोणाला सांगू नका हं, उगाच चर्चा. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि गेल्या.

तेव्हाच उठायला हवं होतं. पँट्रीत जाऊन पाटी फाडायची, शेजारी बसून म्हणायचं, बाई गं, तो वास माझा होता. पंधरा पावलांचं अंतर. मी उठले नाही. म्हटलं, उद्या काढू. उद्या वाटलं, अचानक काढली तर लोक विचारतील, आज का? मग काय सांगणार? पाट्या लिहिणाऱ्या बाईंचाच मुळा? हसून हसून लोळले असते सगळे. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना हसवत आले, ते माझ्यावर हसतील या भीतीने मी मूग गिळून बसले.

पुढे झालं ते आणखी वाईट. मावशींनी फट धुतल्यावर वास गेला. लगेच गेला. आणि टेबलावर निष्कर्ष निघाला की पाटी लागू पडली. ‘मॅडम, मानलं तुम्हाला,’ साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. मी हसले. हो, हसले. वाटीतली आमटी ढवळत बसले आणि ते कौतुक गिळलं. शेजारच्या हॉलमध्ये ती गार जेवत होती, तिला साहेबांचा आवाज ऐकू जात असणार.

आता कोणी म्हणेल, चूक कळली नव्हती तोवर तुमचं काय चुकलं? सगळंच चुकलं. समजा ती सुकटच असती, तरी काय बिघडलं असतं? आमच्या मुळ्याने तीन आठवडे सगळ्यांचं डोकं उठवलं, त्याला कोणी जात विचारली नाही. वासाचा धनी शोधायला आम्हाला एक मिनिट लागलं नव्हतं, कारण तो आम्ही आधीच ठरवून ठेवला होता.

चार महिने असे गेले. मी तिच्याशी फार गोड वागायला लागले. चहा आणून दे, तिच्या चित्रांची स्तुती कर, रजा हवी तर साहेबांकडे शब्द टाक. एकदा तर मी तिला म्हटलं की ये ना टेबलावर, सगळे आठवण काढतात. ती म्हणाली, ‘बघते.’ आणि पाटी तिथेच होती. तिच्या कडा मुडपल्या, निळा रंग विटला, पण माझं अक्षर लांबूनही वाचता यायचं.

मग तिने राजीनामा दिला. दुसरीकडे काम मिळालं होतं, ते आमच्यापेक्षा काही मोठं नव्हतं. साहेबांना नवल वाटलं, इथे काय कमी होतं, म्हणाले. मला नवल वाटलं नाही.

शेवटच्या दिवशी एक वाजता ती डबा घेऊन पँट्रीत आली. आम्ही सगळे बसलेलो. ती मायक्रोवेव्हपाशी गेली, त्या पाटीखाली उभी राहिली आणि डबा आत ठेवून बटण दाबलं. दोन मिनिटं टेबलावर सगळे आपापल्या डब्यात बघत राहिले. मग खोबऱ्याचा, तिखटाचा, सुकटीचा वास पँट्रीभर पसरला. ती माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसली. सगळ्यांच्या गप्पा पुन्हा सुरू झाल्यावर तिने आवाज अगदी खाली आणला.

‘मॅडम, डबी मिळाली ना तुमची?’

माझा घास हातातच राहिला.

‘मावशींनी आधी मलाच दाखवली होती. तुमच्या बाकीच्या डब्या पाहिल्या होत्या, मी लगेच ओळखली. मी म्हटलं, मॅडमनाच द्या, पण त्या एकट्या असताना द्या. चारचौघांत नका देऊ, त्यांना कसंसं होईल.’ ती भाकरी मोडत होती. माझ्याकडे पाहतही नव्हती. ‘मला वाटलं, आता तुम्ही पाटी काढाल. रोज वाटायचं, आज काढतील. चार महिने मी वाट पाहून राहिली होती.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने माझी लाज राखली होती, आणि त्याची किंमत म्हणून रोज गार जेवली होती. मी ‘सॉरी गं’ असं पुटपुटले. ती नुसती हं म्हणाली आणि तिने निवांतपणे डबा संपवला. सुकट मला देऊ केली नाही. का द्यावी?

ती डबा विसळायला बेसिनपाशी गेली तशी मी उठले. मायक्रोवेव्हपाशी जाऊन पाटीच्या कोपऱ्यात नख घातलं. चिकटपट्टी वाळून भिंतीचा रंगच धरून बसली होती, त्यामुळे मी जोरात ओढली आणि अर्धा कागद फाटून हातात आला. सगळे बघायला लागले.

‘अहो, का काढताय?’ साहेब म्हणाले. ‘चांगली होती की.’

आता तरी. पाच माणसं माझ्याकडे बघत होती, ती पाठमोरी उभी होती, आणि मला एकच वाक्य बोलायचं होतं. ते जिभेवर आलेलंही होतं.

‘जुनी झाली हो,’ मी म्हटलं.

सगळे पुन्हा जेवायला लागले. मी बेसिनकडे पाहिलं. ती हातात ओला डबा धरून तशीच उभी होती. नळ तिने बंद केलेला होता.