मागच्या चाकावरचा बाण

जुन्या गाडीतून बेळगाव ते बेंगळूर जायचं म्हणतोय, रस्ता कसा आहे, बरोबर काय काय घेऊ, असे निरोप मला या ब्लॉगवर अधूनमधून येतात. मी टाळाटाळ करतो. रस्ता आता रुंद आणि सरळसोट झालाय, त्यात सांगण्यासारखं फारसं उरलेलं नाही. मी ज्या प्रवासाबद्दल सांगू शकतो तो नव्वदीच्या मध्यावरचा आहे, आणि तो सांगायचा तर सगळाच सांगावा लागतो. गेल्या महिन्यात एक फोन आला, म्हणून आता सांगून टाकतो.

तेव्हा बेळगावात माझं लेथचं लहानसं वर्कशॉप होतं आणि एक गाडी होती. पन्नासच्या दशकातली, इंग्रजी बनावटीची, दोनच माणसांची, वर कापडी टप. एका साखर कारखान्याच्या आवारात ती गंजत पडली होती. चार वर्षं खपून मी ती चालती केली. बायको तिला माझी सवत म्हणायची, आणि पाहुण्यांसमोर म्हणायची. बेंगळूरला असल्या गाड्यांनी वेडे झालेल्यांचा एक गट होता. दर जानेवारीत एका शनिवार-रविवारी ते जमायचे. शनिवारी बॉनेट उघडून एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवायची, रविवारी सगळ्यांनी मिळून शहराबाहेर चक्कर मारून यायची. मला बोलावणं आलं ते आनंदरावांचं, पोस्टकार्डावर. 'ये. गाडी घेऊनच ये. बसनं येणार असशील तर येऊ नको.'

आनंदरावांना सगळे अण्णाच म्हणत. चामराजपेठेत राहायचे. "तीनशे वर्षांमागं घोड्यावरनं आलो आम्ही इकडं," ते सांगायचे, "तेव्हापासनं पार्किंगचाच त्रास." वय एकाहत्तर. पूर्वी माझी गाडी अडली की मी त्यांना पत्र टाकायचो आणि उत्तरात पेन्सिलीनं काढलेली चित्रं यायची. त्यांनी मला न पाहता शिकवलं होतं. म्हणून त्या वर्षी ठरवलं, जायचंच.

शुक्रवारी पहाटे पाचला निघालो. धारवाडपर्यंत धुकं इतकं की समोरच्या ट्रकचा मागचा दिवा हाच रस्ता. हुबळीला पेट्रोल आणि इंजिनात पाव लिटर ऑइल. तिथून पुढे दुपदरी रस्ता, आणि समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला आपल्याला बाजूला उतरवूनच जाणार. हावेरीजवळ मी तीनदा कच्च्यात उतरलो. दावणगेरेला बेण्णे दोसा खाल्ला. लोणी बोटांवरून मनगटावर येतं, म्हणून स्टिअरिंग धरण्याआधी हात नीट धुवा. चित्रदुर्गाच्या चढाला पाणी उकळलं, अर्धा तास बाभळीखाली बसलो. फॅनबेल्ट एक जादा आणि पाण्याचे दोन कॅन, एवढं बरोबर असलं की त्या रस्त्यावर कुणाचं अडत नाही, निदान तेव्हा मला तसं वाटायचं. तुमकूर सोडल्यावर ऊन कललं आणि दिवेलागणीला चामराजपेठेत पोचलो. पाठ लाकडासारखी झाली होती आणि मी भलताच खुशीत होतो.

दारात अण्णा उभे. मी उतरायच्या आत त्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

"पाणी उकळलं की रे वाटेत?"

"चित्रदुर्गाला. कसं कळलं?"

"वास येतोय. चल, स्वल्प कॉफी घे आधी. सुमन, बेळगाव आलं बघ!"

सुमन त्यांची मुलगी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, बँकेत नोकरी. आई गेल्यावर वडिलांसाठी ती त्या घरी राहायला आली होती. मी पहिल्या भेटीतच तिला अक्का म्हणालो आणि तिला ते आवडलं. शनिवारी सकाळी अण्णा अंगणात आलेल्या मंडळींना आपली गाडी दाखवत होते, तेव्हा ती मला स्वयंपाकघरात बोलावून सांगायला लागली.

"तुम्ही चांगलं ओळखता त्यांना, म्हणून बोलते. अण्णा विसरतात आता. गेल्या महिन्यात गॅस चालू ठेवून देवळात गेले. स्कूटरवर मार्केटला गेले आणि चालत परत आले, स्कूटर तिथंच. आणि डिसेंबरात गाडीचा मागचा एक्सल एकट्यानं उघडला, बेअरिंगं बदलली, सगळं बसवलं. कुणाला हात लावू दिला नाही."

"त्यांच्यासारखे हात सगळ्या गटात कुणाचे नाहीत, अक्का."

"हाताचं नाही म्हणत मी." तिनं डोक्याला बोट लावलं. "मी सांगितलंय त्यांना. कामात एक चूक सापडली तर गाडी विकून टाकायची. त्यांनी पण सरी म्हणून शब्द दिलाय. घेणारा माणूस सोमवारी येतोय."

बाहेर येऊन मी अण्णांची गाडी पाहिली. माझ्याच जातीची, पण हिरवी, आणि माझी तिच्यापुढे भंगार वाटावी अशी. त्यांनी मला शेजारी बसवून गल्लीतून एक फेरी मारली. एक्सल बसवल्यापासून एवढंच चालवलं होतं त्यांनी, गल्लीतल्या दोन-तीन फेऱ्या. "आवाज ऐक," म्हणाले. आवाज नव्हताच, हेच त्यांना ऐकवायचं होतं. मग त्यांनी गाडी बंद केली. "ही गेली तर मी सकाळी उठून काय करू, सांग," म्हणाले.

आता त्या गटाची रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावर येऊन थांबतं. आपल्या गाड्यांची तारांची चाकं चार-पाच बोल्टांवर नसतात. मधोमध एकच मोठा नट असतो, त्याला दोन पाकळ्या, आणि तो तांब्याच्या हातोडीनं ठोकून घट्ट करायचा. डाव्या बाजूचे आटे सुलटे, उजव्या बाजूचे उलटे, म्हणजे चाक फिरताना नट आवळत जातो. नटावर 'सोडा' असं सांगणारा बाण कोरलेला असतो, आणि तो दोन्ही बाजूंना गाडीच्या तोंडाकडे दाखवतो. अण्णांचा नियम असा की रविवारी निघण्याआधी आपले नट आपण ठोकायचे नाहीत, शेजारच्यानं ठोकायचे. "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं ना," ते म्हणायचे, "मग ते कामाला लावा." ठोकणाऱ्यानं शेवटी मोठ्यानं 'सरी' म्हणायचं, कानडीत 'ठीक आहे', आणि तिथून जबाबदारी त्याची. आणि वाटेत मागच्यानं हॉर्न दिला की पुढच्यानं हात वर करायचा, सगळं ठीक.

रविवारी सकाळी सात वाजता चौदा गाड्या रांगेत होत्या. अण्णांनी हातोडी माझ्या हातात दिली. "माझे तू मार." हा मान होता, सगळे बघत होते. पुढची दोन्ही चाकं ठोकली. मागच्या उजव्या चाकाशी वाकलो आणि हात थांबला. बाण मागे दाखवत होता.

मी डावीकडे गेलो. तिथंही मागे. अण्णांनी एक्सल जोडताना हब, म्हणजे चाक आणि नट ज्यावर चढतात ते आट्यांचे तुंबे, अदलाबदल करून बसवले होते, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. एखादा शिकाऊ कधी करणार नाही आणि पन्नास वर्षं काम केलेल्याच्या हातून एखाद्या दिवशी होईल, अशी चूक. अशा गाडीचं चाक फिरता फिरता स्वतःचा नट स्वतःच सोडत जातं.

मान वर केली तर सुमनअक्का कॉफीचा ट्रे घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिच्यामागे अण्णा. माझ्याकडेच बघत होते.

त्या क्षणी डोक्यात जे आलं ते जसंच्या तसं लिहितो. नाश्ता आनेकलला आहे. तीस-पस्तीस किलोमीटर. जोर लावून ठोकला तर नट तेवढा टिकेल. तिथं अण्णांना बाजूला घेऊन सांगेन, परतताना मध्ये दोनदा ठोकू, आणि संध्याकाळी अक्का देवळात गेली की आम्ही दोघं हब बदलून टाकू. कुणाला कळणार नाही. माझी अक्कल मला फार मोठी वाटली. मी दोन्ही नट अंगातला सगळा जोर काढून ठोकले आणि मोठ्यानं म्हणालो, "सरी!"

कोरमंगला मागे पडलं आणि सर्जापूर रोड लागला. आज तिथं राहणाऱ्यांना पटणार नाही, पण तेव्हा दोन्हीकडे नाचणीची कापलेली शेतं, निलगिरीची झाडं आणि मधूनच एखादी वीटभट्टी. अण्णा सगळ्यांच्या पुढे, मी मुद्दाम त्यांच्या मागे. टप उघडे, हवा गार, अण्णांच्या गळ्यात लाल मफलर. वेग साठच्या आसपास. मी त्या उजव्या चाकावरून नजर हलवली नाही.

सर्जापूरच्या अलीकडे काहीतरी चमकलं, रस्त्यावर आपटून माझ्या बाजूनं उडत गेलं. नट. मी हॉर्नवर हात दाबला आणि दाबूनच धरला. अण्णांनी हात वर केला. सगळं ठीक. मी ओरडत होतो, ते वाऱ्यात गेलं. त्यांनी पुन्हा एकदा हात वर केला, या वेळी जरा उंच, मजेत. मग चाक बाहेर सरकलं आणि गाडीच्या पुढे पळालं, गाडी मागून उजवीकडे बसली, ठिणग्या उडाल्या, आणि ती फिरून निलगिरीवर गेली. जुन्या गाडीला सीटचा पट्टा लावणं आम्ही सगळेच पाप मानत होतो. अण्णा शेतात पडले होते.

ते शुद्धीवर होते. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि बरगड्या. टेम्पोत गादी टाकून त्यांना शहरात आणलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात गटातली मंडळी हळू आवाजात बोलत होती, आणि मी जवळ गेलो की थांबत होती. ठोकले कुणी? बेळगाववाल्यानं. रीतीप्रमाणे जबाबदारी माझीच होती, आणि त्यांना वाटत होतं तेवढी सोपी नव्हती.

सोमवारी दुपारी अक्का औषधं आणायला खाली गेली तेव्हा अण्णांनी मला जवळ बोलावलं.

"तू थांबलास," ते म्हणाले. "मागच्या चाकापाशी. बघितलं मी."

"अण्णा, मी सांगायला पायजे होतं. माझी चूक झाली."

"बाण मागं होता?"

"दोन्हीकडं."

त्यांनी डोळे मिटले. "तुझा हात थांबला तेव्हाच समजलं मला. काय झालंय ते. सुमन उभी होती, म्हणून बोललो नाही. वाटलं, आनेकलपर्यंत जाईल." "तुला पण तेच वाटलं असणार."

मी त्यांचा हात धरला आणि रडलो. अक्का परत आली तेव्हा तिच्यासमोर त्यांनी स्पष्ट सांगितलं, "ह्यानं नट बरोबर मारले होते. रस्त्यात खड्डा होता. ह्याला कुणी काय बोलायचं नाही." ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मला माहीत होतं, तुमच्या हातून नाही होणार." मी मान हलवली. हे माझं दुसऱ्यांदा गप्प बसणं.

मंगळवारी परत निघालो. तोच रस्ता, तीच गावं, पण त्यातलं मला काही आठवत नाही. दावणगेरेला थांबलो नाही एवढं नक्की. बायकोनं दार उघडलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यानंतर गाडीला कधी सवत म्हणाली नाही. तीन आठवड्यांनी अक्काचं पत्र आलं. अण्णांच्या छातीत कफ झाला, ते पडूनच होते, त्यातच गेले. गाडी तिनं विकली नव्हती. 'आता कुठल्या तोंडानं विकू,' असं लिहिलं होतं. मी सांत्वनाचं उत्तर लिहिलं. चार ओळींचं, त्यात एकही ओळ खरी नव्हती.

गेल्या महिन्यातला फोन तिचा होता. आता निवृत्त झाली आहे, सर्जापूर रोडवरच एका मोठ्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहते. चामराजपेठेतल्या शेडमधली गाडी तिनं एका मेकॅनिककडून चालू करून घेतली होती.

"इंजिन, ब्रेक, सगळं नवं केलं," ती उत्साहानं सांगत होती. "मागचा एक्सल तेवढा तसाच ठेवला. अण्णांचं शेवटचं काम ना ते, कुणाला हात लावू दिला नाही. तुम्ही या. पहिली फेरी मी मारणार, आणि नट नियमाप्रमाणे तुम्हीच मारायचे."

मी तिला सगळं सांगितलं. बाण, हब, आनेकलचा हिशोब, दवाखान्यातलं बोलणं. शेवटी तिनं विचारलं, "मी तिथं ट्रे घेऊन उभी नसते, तर बोलला असता तुम्ही?"

खोटं बोलायची ही चौथी संधी होती, ती मी सोडली. "हो," म्हणालो.

"अण्णा पण?"

"हो, अक्का. पण चूक तुमची नाही."

फोन ठेवल्याचा आवाज आला. चार दिवस मी फोन जवळ घेऊन बसलो, करायचं धैर्य झालं नाही. पाचव्या दिवशी तिचा निरोप आला, 'या. हब बदलून द्या. मी समोर उभी राहीन.'

येत्या शुक्रवारी जातोय. माझी गाडी कधीच दिली, म्हणून बसनं. अण्णांना चाललं नसतं. पिशवीत हब ओढून काढायचा पुलर आहे आणि तांब्याची हातोडी आहे.

आणि तुम्ही विचारता म्हणून: फॅनबेल्ट घ्या, पाणी घ्या, दावणगेरेला दोसा खा. निघण्याआधी चारही चाकांपाशी वाका. बाण मागे दाखवत असेल तर तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगा. समोर कॉफी घेऊन कोण उभं आहे ते बघत बसू नका.