डिझेलच्या टाकीचं झाकण

माझ्या नाकावर राग असतो, हे मला लहानपणापासून घरादारानं ऐकवलंय. पण त्या वर्षी खंडेनवमीनंतरचे पंधरा दिवस मी जितकी संतापले, तितकी त्याआधी कधी संतापले नसेन. आणि तेही ट्रकच्या इंजिनावरून.

ट्रक बाबांचा. आम्ही मूळचे निपाणीकडचे. बाबा तरुणपणी इकडे खाली कानडी मुलखात आले, आनेकलला घर केलं आणि बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांचा लोखंडी माल वाहता वाहता म्हातारे झाले. ते गेल्यावर सगळे म्हणाले, ट्रक भंगारात घाल. बाईमाणसानं असल्या जुन्या धुडाच्या मागे कशाला लागायचं? त्या ‘बाईमाणसानं’पायीच मी तो ठेवला. ड्रायव्हर आमच्याच भागातला, बाबांच्या वेळचा. मी त्याला अण्णा म्हणते, तो मला अक्का म्हणतो.

गणपतीनंतर इंजिनाचं हेड गास्केट गेलं. रेडिएटरचं पाणी इंजिनात शिरायला लागलं. ट्रक नेहमीप्रमाणे इकडच्या शहरातल्या शिवाजीनगरच्या चाचांकडे, बाबांच्या जुन्या मेकॅनिककडे दिला. बाबांनी या इंजिनाला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. चाचा सत्तरीचे. मशिदीमागच्या गल्लीत पत्र्याखाली एक ट्रक जेमतेम मावेल एवढं त्यांचं गॅरेज. नव्या गाड्या आता कंपनीच्या वर्कशॉपला जातात, तिथं त्यांना कॉम्प्युटर जोडतात. चाचांकडे उरलेत ते आमच्यासारखे पाच-सहा जुने ट्रक. त्यावरच त्यांचं घर चालतं, हे मला ठाऊक होतं. पुढं जे सांगणार आहे ते हे ठाऊक असताना केलंय, म्हणून आधीच सांगून टाकते.

चाचांनी हेड उतरवलं, व्हॉल्व्ह घासले, नोझल साफ केले, सगळं परत बसवलं. ट्रक घरी आला तेव्हा रेस न देता नुसता उभा असताना इतका शांत चालत होता की बॉनेटवर ठेवलेला चहा हलला नसता. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. इकडे ती आयुधपूजा म्हणून केवढी जोरात असते! ट्रक धुतला, केळीचे खुंट बांधले, चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला. आमच्या घरात पहिलं कुंकू लागतं ते डिझेलच्या टाकीच्या झाकणाला. गाडी जिथून खाते तिथं आधी देवी, असं बाबा म्हणायचे. ते दरवर्षी झाकणाच्या अगदी कडेला बोटानं टिळा लावत. मला तो वाकडा टिळा बघवायचा नाही. म्हातारपणी हात थरथरतो, वाटायचं. या वेळी मी देवीचा चांगला गोल, चकचकीत स्टिकर आणला आणि झाकणाच्या बरोबर मधोमध चिकटवला. वर हळदकुंकू.

सणानंतरच्या पहिल्याच खेपेला ट्रकनं तमाशा मांडला. घरून निघाला तेव्हा शहाण्यासारखा होता. बोम्मसंद्र्याला पोचेस्तोवर मिसिंग मारायला, ठोके चुकवायला लागला. न्यूट्रलला टाकला की थडथडायचा, केबिनची दारं वाजायची, इंजिन चढायचं, उतरायचं आणि कारखान्याच्या गेटमध्ये बंद पडायचं. मागं गाड्यांची रांग, पुढं सिक्युरिटीवाला काठी आपटतोय. अण्णानं हातपंप हाणून डिझेलच्या लाइनीतली हवा काढली की चालू व्हायचा, थोड्या वेळानं पुन्हा तेच. डिझेल भरलं की अर्धा तास बरा चालायचा. यावरून आम्ही दोघा शहाण्यांनी निष्कर्ष काढला, की अमुक पंपावरचं डिझेल चांगलं.

मी ट्रक घेऊन चाचांकडे गेले. त्यांनी नोझल पाहिले, टॅपेट पाहिले, मग डिझेलचा एक डबा केबिनच्या दाराला टांगला आणि त्याची नळी थेट इंजिनाला जोडली. टाकीचा संबंधच तोडला. इंजिन तासभर घड्याळासारखं चालत राहिलं. चाचा टाकीपाशी गेले, थोडा वेळ उभे राहिले, हात पुसत परत आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "इंजन में कुछ नहीं है बेटी. टंकी का ढक्कन घर ले जाओ. अपने हाथ से साफ करो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी इंजिनाची तक्रार घेऊन आलेय आणि हा माणूस मला झाकण घासायला घरी पाठवतोय! इतर मालकांना सांगितलं असतं का हे? बाई आहे, हिला भांडी घासायचंच काम सांगा. नाचता येईना अंगण वाकडं. हेड नीट बसवता आलं नाही तर टाकी खराब. हे सगळं मी तोंडावर बोलले. गल्लीत माणसं थांबून ऐकत होती. चाचा एवढंच म्हणाले, की पैसे नकोत, पण झाकणाचं बघ.

मी झाकणाचं बघितलं नाही. त्याच संध्याकाळी ट्रकमालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. चाचांनी माझं इंजिन बिघडवलं, वर मला अपमान करून घालवलं, आता त्यांच्याच्यानं काम होत नाही, कुणी त्यांच्याकडे जाऊ नका. धडाधड उत्तरं आली. एकानं लिहिलं, त्या गल्लीत, त्या लोकांकडे गाडी देताच कशाला? ‘ते लोक’ म्हणजे काय, हे मला नीट कळलं. मी उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर आपल्या बाजूनं इतकी माणसं बोलताहेत याचं त्या वेळी बरंच वाटलं. चाचांकडे जाणाऱ्या दोघा मालकांनी तिथल्या तिथं कळवलं की आम्ही आता दुसरीकडे जाऊ.

मी पण गेले दुसरीकडे. होसूर रोडवरच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये टाय लावलेला मुलगा माझ्याशी एक शब्द बोलला नाही, सगळं अण्णाला सांगत होता. त्यांनी फ्यूल पंप उतरवला, नवे नोझल घातले, जुन्या मेकॅनिकच्या नावानं बोटं मोडली आणि ट्रक धुऊन दिला. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच गेटमध्ये बंद पडला.

अण्णा सिक्युरिटीवाल्याची समजूत घालायला गेला. डिझेल तरी आहे का बघावं म्हणून मी चिडून टाकीचं झाकण फिरवलं. आतून ‘सूंऽऽ’ करून हवा ओढली गेली, इतक्या जोरात की मी हात मागं घेतला. अण्णानं परत येऊन हातपंप हाणला, स्टार्टर मारला. इंजिन एकदम शांत चालायला लागलं. झाकण लावलं, अर्ध्या तासात थडथड. उघडलं, पुन्हा शांत. मी केबिनमध्ये बसून झाकण मांडीवर घेतलं आणि नखानं देवीचा स्टिकर सोलला. खाली, अगदी मधोमध, सुईच्या टोकाएवढं भोक होतं. डिझेल कमी होईल तशी टाकीत हवा जायला ठेवलेलं. ते मीच बुजवलं होतं. हवा मिळेना म्हणून टाकी डिझेल सोडत नव्हती. आणि बाबांचा टिळा कडेला का असायचा, तेही मला त्या घटकेला कळलं.

मी अण्णावर ओरडले. रोज झाकण उघडतोस, तुला दिसलं नाही?

"दिसत होतं की, अक्का," तो खाली बघत म्हणाला. "पण पूजेचं. तुम्ही लावलेलं. आपणहून पडंपर्यंत काढायचं नसतं न्हवं."

दुसऱ्या दिवशी शिवाजीनगरला गेले. गॅरेजमध्ये एकही ट्रक नव्हता. चाचा रिकाम्या खोक्यावर बसून पेपर वाचत होते. मी झाकण त्यांच्यापुढं धरलं. रडू येत होतं आणि रागही येत होता, त्यांचासुद्धा. मी म्हणाले, तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. स्टिकर काढून टाकायचा, नाहीतर मला स्पष्ट सांगायचं. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?

त्यांनी चष्मा काढला. "तुम्हारे देवी पे मैं कैसा हात लगाऊं, बेटी? और बोलता भी कैसा? गल्ली में चार लोग खड़े थे. कोई मोबाइल निकालता, बोलता मियां देवी निकालो बोला. मेरे पोते इधरिच स्कूल जाते."

पंधरा दिवस मी स्वतःला अपमान झालेली समजत होते. हा माणूस माझी देवी सांभाळत होता, माझ्यापासून स्वतःला सांभाळत होता, आणि त्यातही मला खरं कारण सांगून बसला होता: अपने हाथ से साफ करो. या शहरात चाळीस वर्षं इंजिनं दुरुस्त केलेल्या माणसाला बाबांच्या मुलीपुढं एका झाकणाबद्दल उघड बोलायची भीती वाटावी, याचा मला इतका संताप आला की तो कुणावर काढावा कळेना. माझ्याशिवाय तिथं कुणी नव्हतंच.

मी तिथंच उभ्यानं ग्रुपवर लिहिलं. चूक माझी होती, स्टिकर मी लावला होता, चाचांचं काम चोख आहे, आणि ‘त्या लोकांकडे’ असं ज्यानं लिहिलं त्याला मी त्याच वेळी उत्तर द्यायला हवं होतं. सगळ्यांनी वाचल्याची निळी खूण आली. उत्तर एकाचंही आलं नाही. त्याला कित्येक महिने झाले. ते दोघे मालक अजून होसूर रोडलाच जातात.

ट्रक मात्र न्यूट्रलला इतका शांत चालतो, की चालू आहे हे गेटवरच्या माणसाला सांगावं लागतं. टिळा मी आता झाकणाच्या कडेला लावते.