तेल-पाण्याचं लगीन

काचेच्या नळीचं तोंड अंगठ्यानं दाबून सर ती डमरूसारखी हलवायचे, खिडकीच्या उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "बघ की, लगीन लागलं."

नवरा रॉकेल, नवरी पाणी. दोघांना नांदवणारा मध्यस्थ म्हणजे सरांनी कोकणातून कॅन भरून आणलेल्या समुद्राच्या पाण्यातला जिवाणू. तो साबणासारखा एक पदार्थ तयार करतो, त्यामुळे तेल पाण्यात दुधासारखं मिसळतं, आणि उद्या समुद्रात जहाजाचं तेल सांडलं तर हा जिवाणूच ते धुऊन काढेल, असा सरांचा दावा होता.

कोल्हापुरात बसून समुद्र धुणारा हा माणूस तुम्ही पाहायला हवा होता. कळंब्याच्या तळ्यात जहाज कधी लागणार, असं विद्यापीठातल्या आमच्या विभागातले लोक विचारत. सर म्हणत, "आधी तुमची जीभ धुवून बघतो."

स्थानिक पेपरात फोटो आल्यावर त्यांची चालही बदलली. पानाच्या टपरीवरसुद्धा ते जिवाणूबद्दलच बोलत. टपरीवाला एकदा म्हणाला, "पावणं, पानाला चुना लावू, का तुमचा जिवाणू?"

मी शाहूवाडीकडचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मला एम.फिल.ला कुणी घेत नव्हतं, सरांनी घेतलं. त्यामुळे हसू आलं तरी मी ते गिळत असे.

सर दुसऱ्या कुणाला नळ्या धुऊ देत नसत. मूठभर धुण्याची पावडर टाकून स्वतः घासायचे. नळाला पाणी तासभरच यायचं, त्यामुळे खळबळणं घाईतच उरकायचं. तुलनेसाठी जिवाणू नसलेली एक नळी ठेवतात, ती मात्र खोक्यातली कोरी करकरीत लागे. "तिथं तडजोड न्हाय," असं ते अभिमानानं सांगत.

गोव्याच्या परिषदेला थोडे दिवस उरले असताना खोकं संपलं. मी तुलनेसाठी सरांनी धुतलेली नळी घेतली. तिच्यात जिवाणू नव्हता, तरी लगीन लागलं. दुधाळ थर दुसऱ्या दिवशीही तसाच होता. सरांचा मध्यस्थ म्हणजे नळीला चिकटून राहिलेली धुण्याची पावडर होती.

नळी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी विचारलं, "कुणाला दावलीस?"

"कुणालाच न्हाय, सर."

ते नळी घेऊन बेसिनपाशी गेले. आता ओततील आणि आपण दोघं गप्प राहू, असं मला वाटलं. माझी पदवीही त्याच नळीत होती. त्यांनी ती ओतली नाही, परत स्टँडवर ठेवली. मग म्हणाले, "लिव्ह. दिसलं तसं लिव्ह."

नळ्या नीट धुऊन सगळं पुन्हा केलं. तेल वर, पाणी खाली. गोव्यात सरांनी तेच वाचून दाखवलं. सभागृह पोट धरून हसलं. त्यांनी पेपरलाही खुलासा पाठवला. तो छापून आला नाही. माझी पदवी लांबली, पण खरी मिळाली.

काही वर्षांनी सर गेले. शोकसभेत व्यासपीठामागे भलामोठा फ्लेक्स लावला होता: 'समुद्र शुद्ध करणाऱ्या जिवाणूचे जनक'. एकामागून एक वक्ते त्या जिवाणूचे गोडवे गात होते. सरांना हसणारेच त्यात पुढे होते. मी उठून सांगितलं की सरांनी हा शोध स्वतःच मागे घेतला होता. अध्यक्षांनी हातानंच मला बसायची खूण केली.

सभा संपल्यावर काकूंनी, सरांच्या पत्नीनं, मला बोलावलं. "ते बोर्ड तेवढं काढतोस का? त्यांना चाललं नसतं."

मी खुर्चीवर चढलो आणि सुतळीची गाठ सोडायला लागलो. खालून काकूंनी फ्लेक्सचं दुसरं टोक धरलं होतं.